ओटो कोनिग्सबर्गर यांच्यावर टिपण लिहायचे आहे : दिल्लीचा कारखाना घ्यावा की वगळावा?

ओसरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

मी एका वास्तुकला महाविद्यालयात हवामानानुकूल रचना हा विषय शिकवते. ८ नोव्हेंबरच्या जागतिक नगररचना दिनासाठी आमच्याकडे दरवर्षी एखाद्या नगररचनाकाराच्या आयुष्यावर भित्तिपत्रक लावले जाते, आणि या वर्षी ओटो कोनिग्सबर्गर यांचे नाव ठरले आहे. आपल्याकडच्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला कोनिग्सबर्गर म्हणजे माणूस वाटतच नाही; ते ग्रंथालयातले, पाठीला खाकी चिकटपट्टी लावलेले, निम्म्या आकृत्या पेनाने गिरवलेले पुस्तक असते. ‘कोनिग्सबर्गर कोणाकडे आहे?’ असे आम्ही विद्यार्थिदशेत विचारत होतो आणि आमची मुले आजही तसेच विचारतात.

जमवलेली माहिती थोडक्यात देते. जन्म १९०८, बर्लिन. वास्तुविशारद हान्स पोल्झिग यांच्या हाताखाली शिक्षण झाले, १९३३ मध्ये वास्तुकलेचे शिंकेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी नाझी सत्तेवर आल्यामुळे, ज्यू म्हणून, सरकारी नोकरी गेली. पुढची काही वर्षे ते इजिप्तमध्ये होते आणि तिथे त्यांनी प्राचीन इजिप्तमधल्या दारांच्या बांधणीवर प्रबंध लिहिला. १९३९ मध्ये ते म्हैसूर संस्थानाचे मुख्य वास्तुविशारद म्हणून बंगळूरला आले. भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न हे त्यांचे मामा, आणि बोर्न स्वतः १९३५-३६ मध्ये सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या विज्ञान संस्थेत राहून गेले होते. जमशेदपूरचा विकास आराखडा, भुवनेश्वरचा आराखडा, १९४८ ते १९५१ केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालकपद, आणि त्यानंतर लंडन. तिथे बसून घाना, पाकिस्तान, फिलिपिन्स, सिंगापूर अशा देशांना संयुक्त राष्ट्रांच्या वतीने सल्ला आणि जोडीला अध्यापन. १९९९ मध्ये लंडनमध्येच निधन.

माझी अडचण अशी आहे की दिल्लीत निर्वासितांसाठी घरांचे तयार भाग बनवण्याचा जो सरकारी कारखाना काढला होता तो फसला, आणि त्यानंतर हे गृहस्थ भारत सोडून गेले. आमच्या एका सहकाऱ्यांचे मत असे पडले की स्मरणाच्या टिपणात अपयश कशाला उगाळायचे. मला ते पटत नाही, पण एका पानात त्याला किती जागा द्यावी हेही उमगत नाही. शिवाय आयुष्याच्या उत्तरार्धात या माणसाने इमारती फारशा बांधल्याच नाहीत, सल्ले दिले. आणि सल्ला भिंतीवर कसा लावायचा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_आराखडा

मॅडम, मी नगररचना खात्यात तीस वर्षे काढून निवृत्त झालो आहे, तेव्हा थोडे लांबण लागले तर सांभाळून घ्यावे. कारखाना वगळलात तर पुढच्या आयुष्याचा अर्थच लागणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी परिस्थिती डोळ्यांसमोर आणावी. फाळणीनंतर लाखो माणसे उघड्यावर आली होती. आपल्याकडे कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधी कुटुंबे राहत होती आणि १९४९ मध्ये त्याच छावणीचे उल्हासनगर झाले. देशभर घरे हवी होती आणि ती तातडीने हवी होती. युद्धानंतरच्या युरोपात घराच्या भिंती कारखान्यात ओतून जागेवर नेऊन जोडण्याचे तंत्र जोरात होते. ब्रिटिश तंत्र घेऊन दिल्लीत जंगपुऱ्याला सरकारी कारखाना उभा राहिला आणि कोनिग्सबर्गर यांनी त्या मार्गाचा मनापासून पुरस्कार केला. हलक्या काँक्रीटचे मोठमोठे तुकडे ओतून तयार व्हायचे, मात्र त्यांना तडे जात आणि वाहतुकीत ते फुटत. ठरलेली घरे ठरलेल्या वेळेत झाली नाहीत, संसदेत टीका झाली आणि १९५१ मध्ये ते लंडनला गेले. कारखान्याचे पुढे हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी आणि मग हिंदुस्थान प्रीफॅब असे नामांतर झाले. तिथे इतर काँक्रीटची कामे बरी होऊ लागली, परंतु निर्वासितांच्या घरांचा प्रश्न त्या वाटेने सुटला नाही तो नाहीच.

आता त्यापुढची चार-पाच वर्षे पाहा. १९५४ मध्ये गृहनिर्माणतज्ज्ञ चार्ल्स अब्राम्स, अभियंते व्लादिमीर बोदियान्स्की आणि कोनिग्सबर्गर असे तिघे संयुक्त राष्ट्रांच्या वतीने गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानाला गेले. घरे कशी बांधावीत हे सांगायला ते गेले होते आणि तिथे पाहतात तो लोक आपापली घरे बांधतच होते. मातीच्या भिंती गावकरी स्वतः घालत. हात घरचे, माती गावची. घोडे अडत होते ते छपरापाशी. भिंत हंगामाहंगामाने चढवता येते, हातात पैसे आले की एक थर वाढतो. पत्रे मात्र एकदम घ्यावे लागतात आणि ते रोख पैशांनी. तेवढी रक्कम साठेपर्यंत पाऊस येतो आणि उघड्या भिंती पुन्हा चिखल होतात. या त्रयीने सुचवले ते असे की सरकारने घरे बांधूच नयेत. गावात गृहनिर्माण मंडळ्या काढाव्यात आणि ज्याच्या भिंती उभ्या आहेत त्या सभासदाला छपरासाठी, दारा-खिडक्यांसाठी कर्ज द्यावे. यालाच छप्पर-कर्ज योजना म्हणतात आणि गृहनिर्माणाच्या इतिहासात तिचा उल्लेख आजही होतो.

ज्याने गावाकडे स्वतःचे घर बांधले आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आमच्या वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांच्या भिंती तीन वर्षे अशाच उभ्या होत्या. मे अखेर आई त्यांच्या माथ्यावर गवताच्या पेंढ्या रचून वर दगड ठेवत असे आणि भाद्रपदात जाऊन कुठे काय ढासळले ते पाहत असे. अखेर पत्रे आले ते मामांकडून उसने पैसे घेऊन.

एक माणूस दिल्लीत संपूर्ण घर कारखान्यातून काढायला निघतो आणि घानात फक्त छपरापुरते बोलतो. मधल्या काळात त्याला स्वतःची चूक दिसली असे मी मानतो. अर्थात हा माझा तर्क आहे. तिघांच्या अहवालातला कोणता विचार कोणाचा, हे वेगळे काढता येत नाही. तरीही माझ्या मते भित्तिपत्रकाचा मध्य हाच. डावीकडे तडा गेलेली भिंत, उजवीकडे छप्पर.

कलिंगवासी

मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे बावीस वर्षे भुवनेश्वरात आहे. इथे टपालाच्या पत्त्यात आजही ‘युनिट’ लिहितात : युनिट एक, युनिट दोन, युनिट तीन. रिक्षावाल्याला ‘युनिट वन’ म्हटले की तो थेट भाजीबाजारात नेऊन सोडतो. हा शब्द कोनिग्सबर्गर यांच्या १९४८ च्या आराखड्यातून आलेला आहे, हे मला इथे येऊन दहा वर्षे झाल्यावर कळले.

कटकची जागा अपुरी पडू लागल्यामुळे ओडिशाची राजधानी इथे आणायचे ठरले आणि एप्रिल १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. आराखडा जेमतेम चाळीस हजार वस्तीचा. लिंगराजाचे जुने मंदिरनगर एका बाजूला तसेच ठेवायचे आणि नवी राजधानी वेगळी वाढवायची. वस्तीचे घटक पाडायचे आणि प्रत्येक घटकात शाळा, बाजार, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर ठेवायचा. रस्त्यांचे कोनिग्सबर्गर यांनी सात प्रकार कल्पिले होते, पायवाटेपासून थेट मुख्य महामार्गापर्यंत, आणि सायकलवाल्याचा रस्ता त्यात स्वतंत्र धरला होता. आज त्या सायकलमार्गाचे काय झाले आहे ते मी सांगत नाही, आपण सुज्ञ आहात.

जुन्या सरकारी वसाहतींमधून सकाळी चालत निघालो की मला एक गोष्ट जाणवते. मुलाला शाळेत सोडायला मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही. माझा मुलगा तिसरीपासून एकटा शाळेत जात असे आणि त्याच्या आईला कधी काळजी वाटली नाही. शहर चाळीस हजारांवरून कितीतरी पटींनी वाढले, नव्या भागात हे काहीच उरले नाही, पण जुन्या युनिटांमध्ये अजून आहे. भिंतीवर लावायला काही हवे असेल तर युनिटचा क्रमांक लिहिलेल्या एखाद्या फाटकाचा फोटो मी काढून पाठवू शकेन.

तिरकस_रेष

चर्चा आरतीच्या सुरात चालली आहे म्हणून थोडा विरोधी सूर लावतो.

पहिली बाब श्रेयाची. उष्ण प्रदेशांसाठी वास्तुकलेचे वेगळे शिक्षण हवे, ही मागणी लंडनच्या कोणा प्राध्यापकाला सुचलेली नाही. अडेडोकुन अडेयेमी नावाच्या नायजेरियन विद्यार्थ्याने ती लावून धरली. इंग्लंडमध्ये शिकून परत गेल्यावर तिथल्या धड्यांचा आमच्या देशात काय उपयोग, हा त्याचा साधा प्रश्न होता, आणि त्यातून १९५३ ची लंडनमधली परिषद भरली. पुढच्याच वर्षी आर्किटेक्चरल असोसिएशन या लंडनच्या वास्तुकला विद्यालयात उष्णकटिबंधीय वास्तुकलेचा विभाग निघाला. ब्रिटिश वास्तुविशारद मॅक्सवेल फ्राय पहिले प्रमुख झाले आणि कोनिग्सबर्गर १९५७ मध्ये त्या जागी आले. अडेयेमी यांच्यावर भित्तिपत्रक लागलेले मी तरी पाहिलेले नाही.

दुसरी बाब ‘उष्णकटिबंधीय’ या शब्दाची. लागोस, कराची, मनिला आणि सिंगापूर यांना एका सूत्रात बांधणारे काय, तर म्हणे ऊन आणि पाऊस. ही सगळी कालपरवापर्यंत कोणाच्या ना कोणाच्या साम्राज्यातली शहरे होती, ही गोष्ट या शब्दाखाली अलगद झाकली जाते. घराच्या भिंतीची जाडी ठरवायला तापमान पुरते. शहरातली जमीन कोणाच्या मालकीची, हा प्रश्न तापमापकाने सुटत नाही.

तिसरे, बाहेरच्या तज्ज्ञाचे स्मरण करताना घरच्यांना विसरू नये. त्याच १९४८ साली आपल्या मुंबईचा बृहद्आराखडा अभियंते ना. वि. मोडक यांनी अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांच्या जोडीने मांडला आणि खाडीपलीकडच्या भूमीवर वाढ न्यावी, हे त्यात होते. मोडकांचे नाव वैतरणेवरच्या मोडकसागरामुळे तरी टिकले; मुंबईकर ते पाणी रोज पितो आणि मोडक कोण, हे त्याला ठाऊक नसते.

कारखान्याविषयी मात्र जुना_आराखडा यांच्याशी मी सहमत आहे. वगळू नका.

गच्चीवर_झोपणारा

मी नागपूरचा, वास्तुविशारद. मॅडमनी सल्ला भिंतीवर कसा लावावा असे विचारले आहे, त्यावर एक सुचवतो : महोनी तक्ता लावा.

इतर वाचकांसाठी सांगतो. कार्ल महोनी आणि कोनिग्सबर्गर यांच्या गटाने साठीच्या दशकाअखेर नायजेरियातल्या कामातून हे तक्ते बसवले आणि १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या प्रकाशनातून ते जगभर गेले. आमच्या पिढीच्या हातात ते आले मात्र ‘मॅन्युअल ऑफ ट्रॉपिकल हाउसिंग अँड बिल्डिंग’ या पुस्तकातून. त्यांची गंमत अशी की संगणक लागत नाही, यंत्र लागत नाही, वेधशाळेचे मासिक आकडे आणि शिसपेन्सिल एवढ्यावर काम होते. वरच्या ओळीत बारा महिने. त्याखाली कमाल तापमान, किमान तापमान, त्यांतला फरक, आर्द्रता, पाऊस, वारा. आर्द्रतेचे चार गट : तीस टक्क्यांच्या खाली पहिला, सत्तरच्या वर चौथा. मग प्रत्येक महिन्यात दिवस गरम, सुखद की थंड आणि रात्र कशी, हे ठरवायचे आणि सहा रकान्यांत खुणा करत जायचे. तीन रकाने दमट हवेचे, तीन कोरड्या हवेचे. खुणा मोजल्या की खालच्या तक्त्यात उत्तरे सापडतात : घराचे तोंड कोणत्या दिशेला, दोन घरांत किती मोकळी जागा, खिडक्या केवढ्या, भिंत जड की हलकी.

दुसऱ्या वर्षात आमच्या सरांनी आम्हाला नागपूरचा तक्ता करायला लावला होता. मे महिन्यापाशी आलो. दिवस गरम, रात्र गरम, हवा कोरडी, दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक. एक खूण जड भिंतीच्या रकान्यात पडली, म्हणजे अशी भिंत की जिच्यातून दुपारचे ऊन आत पोचायला आठ तासांहून अधिक वेळ लागेल. दुसरी खूण ज्या रकान्यात पडली त्याचे नाव वाचून वर्ग हसला. रकाना होता ‘बाहेर झोपण्याची सोय’. आमच्या घरी एप्रिल लागला की संध्याकाळी गच्चीवर बादलीभर पाणी शिंपडून ठेवायचे, नऊ वाजता गाद्या वर न्यायच्या आणि पहाटेच्या गारव्यात आजीची गोधडी कोणाच्या वाट्याला यायची त्यावर भांडायचे, हे इतके नित्याचे होते की एखाद्या परदेशी पुस्तकात त्याला स्वतंत्र रकाना असेल, हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. त्याच तक्त्यात जुलै-ऑगस्टला पाऊस दोनशे मिलिमीटरच्या वर गेल्यामुळे पावसापासून बचावाच्या रकान्यातही खुणा पडल्या. एकाच घराकडून उन्हाळा एक मागतो आणि पावसाळा दुसरेच मागतो, हे तेव्हा पहिल्यांदा आकड्यांत दिसले.

तिरकस_रेष यांचा मुद्दा मान्य आहे, तापमापकाने जमिनीचा प्रश्न सुटत नाही. पण आज विदर्भातल्या नव्या संकुलांत काचेच्या भिंती लावून गच्चीला कुलूप घालतात, तेव्हा निदान हा एक रकाना कोणीतरी भरून पाहायला हवा होता, असे वाटते.

जुना_आराखडा

तिरकस_रेष, टीका रास्त आहे, पण एका ठिकाणी अडवतो. जमिनीचा आणि सत्तेचा प्रश्न कोनिग्सबर्गर यांना कळलाच नव्हता, असे म्हणता येणार नाही. १९६४ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅक्शन प्लॅनिंग’ नावाचा लेख लिहिला आणि त्याचा रोख सरळ आपल्या जातीवर, म्हणजे आराखडे काढणाऱ्यांवर होता. झपाट्याने वाढणाऱ्या शहरात वर्षानुवर्षे पाहणी करायची, मग नकाशे रंगवायचे, मग मंजुरीची वाट पाहायची. तोवर शहर कुठल्या कुठे गेलेले असते. त्याऐवजी हाताशी असलेली माणसे, पैसा आणि अधिकार पाहून जे लगेच करता येईल ते करावे, परिणाम तपासावा आणि दिशा सुधारत राहावे, असे त्यांचे म्हणणे होते.

मी खात्यात असताना हे वाचले आणि हसावे की रडावे कळेना. मुंबईच्या १९८१ ते २००१ या काळाच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळायला १९९१ उजाडले. २०१४ ते २०३४ चा आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. आमच्या टेबलावर हरकतींचे गठ्ठे इतके असत की चहाचा कप ठेवायला जागा नसे, आणि ज्या भूखंडावर बागेचे आरक्षण दाखवून हिरवा रंग भरायचा तिथे प्रत्यक्षात चार मजले चढलेले असत. रंग तरीही हिरवाच भरायचा.

सिंगापूरला १९६३ मध्ये अब्राम्स, सुसुमु कोबे आणि कोनिग्सबर्गर गेले तेव्हा तिथे १९५८ चा रीतसर आराखडा होताच. या तिघांनी तो बाजूला ठेवून ढोबळ मार्गदर्शक कल्पना मांडली : बेटाच्या मधले पाणलोट क्षेत्र मोकळे ठेवावे आणि भोवती वर्तुळात नगरे गुंफत न्यावीत. १९७१ च्या तिथल्या आराखड्यात ही कल्पना दिसते. हेही लिहायला हवे की ती अमलात आणणारे सरकार बळकट होते, जमीन सक्तीने ताब्यात घेत होते आणि असंख्य कुटुंबांना जुनी वस्ती सोडून उंच इमारतींत जावे लागले. सल्लागार विमानाने परत जातो, घर हलवावे लागते ते दुसऱ्यालाच. इथे तिरकस_रेष यांचे म्हणणे मला खोडता येत नाही.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण म्हणाल तर ऐंशीच्या दशकातले चारकोप आणि गोराई. जागतिक बँकेच्या कर्जातून छोटे भूखंड आखून, पाणी आणि मलनिस्सारणाची सोय करून दिली आणि घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवले. हे काम कोनिग्सबर्गर यांचे नव्हे, तसे लिहू नका. फक्त घानाच्या छपराचे आणि चारकोपच्या जोत्याचे नाते विद्यार्थ्यांना दाखवता आले तर पाहा.

ओसरी

सर्वांची मनापासून ऋणी आहे. इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते.

सहकाऱ्यांना हा धागा वाचायला दिला. त्यांनी कारखान्याला संमती दिली, मात्र ‘फसला’ऐवजी ‘अपेक्षित यश मिळाले नाही’ असे लिहावे, अशी सूचना केली. मी ‘फसला’च ठेवणार आहे. मध्यभागी छप्पर-कर्ज येईल आणि जुना_आराखडा सरांची परवानगी असेल तर त्यांच्या आईंनी भिंतीवर रचलेल्या पेंढ्यांचे रेखाचित्र विद्यार्थ्यांकडून काढून घेईन. अडेयेमी यांचे नाव कोनिग्सबर्गर यांच्या आधी येईल. मोडकांवर पुढच्या वर्षी स्वतंत्र भित्तिपत्रक करण्याचा विचार आहे, त्यासाठी तिरकस_रेष यांना त्रास देणार आहे.

कलिंगवासी, फाटकाचा फोटो अवश्य पाठवा, शक्यतो क्रमांक रंगाने लिहिलेला.

महोनी तक्ता कोराच मोठा छापून भिंतीवर लावायचे ठरवले आहे, शेजारी दोरीला पेन्सिल बांधून. येणाऱ्याने आपापल्या गावाचे आकडे भरावेत. दोन मुलींनी काल तालीम म्हणून रत्नागिरीचा भरून पाहिला, तर पावसाच्या रकान्यात जूनपासून सलग खुणा पडल्या आणि बाहेर झोपण्याचा रकाना रिकामा राहिला. त्यातली एक रत्नागिरीचीच आहे, तिने लगेच सांगितले की आमच्याकडे मेमध्ये सगळे पडवीत झोपतात, मग तक्ता चुकला का? मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. गच्चीवर_झोपणारा, आपण काय म्हणाल?

गच्चीवर_झोपणारा

तक्ता त्या रकान्यात खूण करतो ती फक्त कोरड्या हवेच्या महिन्यांत. रत्नागिरीला मेमध्ये आर्द्रता चौथ्या गटात जाते, त्यामुळे त्याच्या लेखी तिथे वारा खेळता ठेवणे एवढेच महत्त्वाचे. मुलींना विचारा, पडवीत गाद्या कुठे घालतात? दाराच्या समोर, वाऱ्याच्या रेषेत घालत असतील, तर दोघांचेही बरोबर आहे.